ओट्यातली फळी कोणाच्या मापाची

६ जानेवारी, सोमवार. वाटूर.
लिहायला घेण्याचं कारण: मोतीबिंदू काढून, महिनाभर जालन्याला बहिणीकडे राहून आज दुपारी घरी आले, तर स्वयंपाकघरात माझा ओटा नाही. त्या जागी दुसराच आहे. मला कोणी विचारलं नाही. बोलून दाखवलं तर 'वय झालं, बदल सोसत नाही' म्हणतील. म्हणून कागदावर. तीस वर्षं अंगणवाड्या तपासल्या. पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं, ही सवय.

पाहणी: काळा कडप्पा गेला, ग्रॅनाइट आलं. ओटा उंच. त्यावर हात ठेवला की माझे खांदे कानाला लागतात. उजव्या कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटून, दगड कापून त्यात हातभर लांब लाकडी फळी बसवली आहे. भाजी कापायला म्हणे. उचलता येत नाही, धुवायला मोरीत नेता येत नाही, सरकत नाही. कडेने सिलिकॉन भरलेलं.

मुकुंदचा (पुढे मु.) पुण्याहून फोन. "आई, सरप्राइज! आता खाली बसून विळीवर कापायला नको. तुझ्या गुडघ्यांना आराम."
गुडघे माझे आहेत. त्यांनी तक्रार केलेली नाही.

विळी जागेवर नाही.
डोळ्यात थेंब: ४ वेळा.

७ जाने., मंगळ.
पाटावर उभी राहून दोन कांदे कापले. तेवढ्यात उजवा कोपर भिंतीवर तीनदा आपटला. सुरी धरणाऱ्या हाताला हलायला जागाच नाही. डावीकडे मात्र हातभर मोकळा ओटा. फळीला सुरी खोचून ठेवायची खाच आहे, तीही डाव्या कडेला. उजव्या हाताने सुरी काढायची तर अंगावरून हात न्यावा लागतो. फळीच्या कडेला पाणी साचतं. दुपारपर्यंत मुंग्या.

शोभाला विचारलं. आठ वर्षं माझ्याकडे धुणं-भांडी करते, खोटं बोलत नाही, पण अर्धं बोलते.
"विळी कुठं आहे?"
"माळ्यावर टाकली म्याडम. साहेब म्हणले, आईच्या डोळ्याचं आपरेशन हे, पात्याला हात लागंल."
"ओटा होत असताना तू यायचीस ना?"
"रोज येऊन राह्यले होते की. सिमिटाची धूळ झाडू झाडू कंबर गेली." मग एकदम भांड्यांचा आवाज वाढवला. "मला काय विचारू नका म्याडम. माझं नाव येतं मंग मधात."
नाव कशात येतं?

शेरा – काहीतरी आहे.

८ जाने.
सकाळी उन्हात फळी नीट पाहिली. डोळा आता लख्ख दिसतो, हे या लोकांच्या लक्षात आलेलं नसावं. फळी नवी, पण तिच्यावर सुरीच्या शेकडो रेघा. दोन कांद्यांच्या नाहीत. इथे कोणीतरी दिवसच्या दिवस स्वयंपाक केला आहे.

आणि रेघा तिरक्या. माझी सुरी चालते तेव्हा रेघ खालून उजवीकडून वर डावीकडे जाते. काल पडलेल्या रेघा तशाच आहेत. जुन्या सगळ्या उलट.

शोभा म्हणते तिने फळीला हात लावलेला नाही. "मला उभ्यानं कापताच येत न्हाई म्याडम. मी यायची तवर सगळं आवरल्यालं असायचं. मी निस्ती भांडी घासली."
"ताटं किती असायची?"
"कवा एक, कवा दोन."
मु. पंधरा दिवस इथे राहिला होता, काम घरूनच करतो म्हणाला. एक ताट त्याचं धरलं. दुसरं?

जाता जाता शोभाने आणखी एक टाकलं. "दोन माणसं आल्ते गाडीत. घर बघून गेले. फोटो बी काढले."
हे आता सांगते.

९ जाने.
मु.ला फोन.
"घर बघायला कोण आलं होतं?"
"घर बघायला? फ्रीजवाले आई. दारातून जातो का ते बघायला."
"फ्रीज कुठाय?"
"येईल गं."

शेजारच्या निर्मलाबाईंचं असंच झालं. आधी मुलाने घराला रंग दिला, मग फरशी बदलली. मग म्हणाला, आई, एवढ्या घरात एकटी कशाला राहतेस? घर रस्त्यावरचं, चौकापासून जवळ, गिऱ्हाईक लगेच मिळालं. त्या आता पुण्यात पाचव्या मजल्यावर असतात. फोनवर हळू बोलतात. इथे होत्या तेव्हा त्यांचा आवाज चौकात ऐकू यायचा.

मी हे घर सोडणार नाही. हे इथे लिहून ठेवते. सही केली आहे.
थेंब: ३. एकदा विसरले.

१० जाने., शुक्र.
मुंग्यांचं कारण काढून युनूसभाईंना बोलावलं. ओटा त्यांनीच घातला. त्यांच्या वडिलांनी माझा जुना ओटा घातला होता. चहा दिला, समोर बसवलं.

"युनूसभाई, एवढी वर्षं काम करता. ओटा माझा, आणि उंची कोणाची?"
"म्याडम, वोट्याचं माप आमी टेपनं न्हाई घेत. जी बाई रांधणार तिला चप्पल काढून हुभं करायचं, कोपर वाकवायचा, भिताडावर लाल पेन्सिलीची खूण. खुणेच्या खाली एक वीत, तिथं दगड. अब्बापासून हेच चालू हे."
खरं आहे. मला त्यांच्या अब्बांनी असंच उभं केलं होतं. नवी सून होते, लाजले होते.
"मी तर जालन्याला होते. मग उभं कोणाला केलं?"
टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "ते साहेबाला विचारा."
"आणि फळी उलट्या अंगाला का बसवली?"
इथे मात्र कारागीर दुखावला. "उलटी? बिलकुल बराबर हे. ज्याच्यासाठी केली त्याला येऊन कापू द्या, मंग सांगा उलटी हे का."
"कोणासाठी केली?"
"कसम घातली हे म्याडम. चहा झकास झाला."
कपात अर्धा चहा तसाच ठेवून गेले. मुंग्यांना खडू मारायचा विसरले.

शेरा – तिघांना माहीत आहे: मु., शोभा, युनूस. ज्या घरात मी राहते त्या घरातली गोष्ट मला सोडून सगळ्यांना.

१२ जाने., रवि.
खूण सापडली.
नव्या वर्षाचं कॅलेंडर नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात दाराजवळ लावलेलं. तिथे खिळा कधीच नव्हता. कॅलेंडर काढलं. मागे लाल पेन्सिलीची आडवी रेघ, तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी. वरची कोपराची, खालची दगडाची.

चप्पल काढून उभी राहिले. माझा कोपर रेघेच्या खाली, एक वीत आणि वर दोन बोटं.
शोभाला उभं केलं. "अगं बाई, मी काय चोर हे का?" तिचा माझ्याहून खाली.
रोहिणी, म्हणजे सून, माझ्याच उंचीची. लग्नात दोघींना शेजारी उभं करून फोटोवाला म्हणाला होता, सासू कोण, सून कोण ते आधी सांगा.

म्हणजे रेघ तिसऱ्याच कोणाची. माझ्याहून दीड वीत उंच अशी कोणी. पंधरा दिवस या घरात रांधलं. दोन ताटं. आणि साहेबाने सगळ्यांना शपथ घातली.
पुण्यात दुसरं कोणी...
हात थांबला. पण मनात आलं ते लिहायचं, म्हणून लिहिलं.

संध्याकाळी रोहिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले नाही.
"ओट्याचं माप तुझं आहे का?"
"नाही आई. मी दिवाळीनंतर आलेच नाही तिकडे."
"मग कोणाचं?"
पलीकडे कुकरची शिट्टीही नाही, टीव्हीही नाही. रविवार संध्याकाळ, आणि घर एवढं गप्प.
"तुम्ही तुमच्या मुलालाच विचारा."
तुमच्या मुलाला. एरवी 'हे' म्हणते, नाहीतर 'मुकुंद' म्हणते.
"त्याला दे फोन."
"ते... बाहेर गेलेत."
झोप आली नाही. नोंद संपली.

१३ जाने., सोम. भोगी.
भोगीची भाजी म्हणजे कापण्याचा दिवस. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, बोरं, सगळं आणून ठेवलेलं. शोभा माळ्यावरून विळी काढून देते म्हणाली. नको म्हटलं. त्या फळीशीच काय ते होऊ दे.

कोपर सुजलेला. चौथ्या वांग्याला पुन्हा आपटला, तेव्हा चिडून सुरी डाव्या हातात घेतली. कापता येईना, पण हात अडला नाही. कोपराला मोकळी जागा. सुरी ठेवायची खाच बरोबर हाताखाली. वांगं धरायला उजवा हात भिंतीकडे, त्याला हलायचं नसतंच. गाजर कापलं. वेडंवाकडं झालं, पण रेघ पाहिली. खालून डावीकडून वर उजवीकडे. जुन्या रेघांच्या शेजारी जाऊन बसली.

युनूसभाई म्हणाले ते खरं. उलटी नाही. डावखुऱ्या माणसाची आहे. उंच, डावखुरा माणूस.

मु. डावखुरा होता. होता म्हणजे मी मोडला. बालवाडीत पाटी डाव्या हाताने धरायचा, घास डाव्या हाताने घ्यायचा. मी दुसऱ्यांच्या मुलांच्या सवयी तपासायला गावोगाव फिरायची, आणि माझाच मुलगा पंगतीत डाव्या हाताने जेवणार? चौथीपर्यंत घरात असताना त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधायची. त्याचे वडील एकदा म्हणाले, राहू दे ना, हात तर त्याचाच आहे. मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका. ते पडले नाहीत. पाचवीत रुमाल सुटला. उजव्या हाताने सुंदर अक्षर काढतो म्हणून शाळेत बक्षीस मिळालं. ते मी सगळ्यांना दाखवलं.

मला वाटत होतं, काम झालं.

तिसरी बाई नाही. एवढं कळलं, बरं वाटलं. पण मग घर विकायचं असेल तर स्वतःच्या मापाचा ओटा कोण घालतं? आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाला वाटूरला ओटा कशाला?
भाजी चांगली झाली. एकटीने खाल्ली.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
दुपारी मु. दारात. कळवलं नव्हतं. एसटीने आला. दोन मोठ्या बॅगा. दोन दिवसांना येणाऱ्याला दोन बॅगा लागत नाहीत.
तिळगूळ दिला. उजवा हात पुढे केला, डावा उजव्या कोपराला लावून, मी शिकवलं तसा.
काही विचारलं नाही. रात्री बाजरीच्या भाकऱ्या तीन खाल्ल्या. वाळला आहे.

१५ जाने.
सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून आवाज. टक टक टक, एका लयीत. दाराआडून पाहिलं. मु. ओट्याशी उभा, कोथिंबीर कापत होता. सुरी डाव्या हातात. इतकी भराभर की पातं दिसेना. एवढं कौशल्य एका महिन्यात येत नाही. चेहरा असा शांत, की हा चेहरा मी शेवटचा कधी पाहिला ते आठवेना.

माझा पाय पाटाला लागला. त्याने वळून पाहिलं आणि सुरी उजव्या हातात घेतली.
एकेचाळीस वर्षांचा माणूस.
उजव्या हाताने कापायला गेला आणि कोपर भिंतीवर आपटला. स्वतःच्या मापाने करून घेतलेल्या ओट्यावर, मी दारात आले म्हणून.

"लागलं?" मी.
"नाही."
"कॅलेंडर काढ तिथलं. उभा राहा."
निमूट उभा राहिला. रेघ कोपराला अशी लागली, जशी त्याच्यासाठीच ओढली होती. तशीच होती.

मग बोलणं झालं. आठवतं तसं:
"नोकरी?"
"जूनपासून नाही."
"सात महिने! आणि मला घरून काम सांगतोस?"
"घरीच तर होतो. काम पण होतं. स्वयंपाक मीच करायचो. रोहिणी ऑफिसला. मला येतं आई. चांगलं येतं."
"दुसरं ताट कोणाचं?"
"युनूसभाई जेवायचे. माझं वरण त्यांना आवडतं."
"आणि गाडीतले दोघं?"
"फ्रीजवाले!"
"घर विकायचंय?"
यावर हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "विकायचं असतं तर गिऱ्हाइकाच्या मापाचा ओटा नसता का केला?"
"मग इथं कशाला?"
"मार्चमध्ये तुझा दुसरा डोळा आहे."
"ते कारण झालं. खरं सांग."
बराच वेळ फळी पुसत बसला. स्वच्छच होती. "तिथं दिवसभर कोणाशी बोलत नाही मी. संध्याकाळी ती येते, ती पण बोलत नाही. इथं निदान तू रागावशील."
"रोहिणीला माहीत आहे, तू इथं राहायला आलास?"
"तीच म्हणाली, आधी आईंना सांगा, मग जा. मी आधी ओटा केला. म्हटलं, ओटा घातल्यावर तू हाकलणार नाहीस."
"ती येणार आहे का?"
"माहीत नाही."

रुमालाबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.

शेरा – सांगितलं ते खरं वाटतं. सगळं सांगितलं असं वाटत नाही. सून 'तुमचा मुलगा' म्हणाली ते फक्त नोकरीमुळे नसावं.

१६ जाने.
वरण खाल्लं. युनूसभाई बरोबर होते. सांगितलं नाही.

शोभा खुशीत. "म्याडम, आता तरी माझ्यावरचा शक गेला का?"
"तू सांगितलं असतंस तर शक आलाच नसता."
"सांगितलं असतं तर साहेबाचं तोंड कसं पाह्यलं असतं वो मी? पंधरा दिवस फळीपाशी हुभे राहून गाणं म्हणायचे."
गाणं? मु.?

१७ जाने., शुक्र.
युनूसभाई खडू मारायला आले. मु. आणि ते ओट्याशी बोलत होते, मी आत गेले की गप्प. सवय जात नाही. त्यांना म्हटलं, परसात पडलेला माझा जुना कडप्पा खिडकीखाली बसवा, जुन्याच उंचीला. मी माझं कापीन, तो त्याचं.
"म्याडम, मंग हुभ्या राहा. चप्पल काढा."
पुन्हा भिंतीला उभी राहिले. लाल रेघ ओढली. अब्बांची जुनी रेघ भिंतीवर अजून पुसट दिसते, त्याहून दोन बोटं खाली आली. मापात चूक नाही. मी उतरले आहे.

मु.चा फोन वाजला, अंगणात गेला. वीस मिनिटं. आत आला तेव्हा विचारलं नाही. डोळे मात्र पाहिले.

१८ जाने., शनि.
घरात दोन माणसांनी स्वयंपाक करायचा तर जबाबदारी कोणाची ते ठरलं पाहिजे. बदली झाली की चार्ज देताना करायचे तशी यादी केली, दोन प्रती. मु. म्हणाला, "खरंच?" म्हटलं, "खरंच."

दिलं:
ओटा, ग्रॅनाइटचा, एक. त्यात बसवलेली फळी, एक. कडेचा सिलिकॉन एका जागी सुटलेला, दुरुस्त करून घेणे.
गॅस, दोन शेगड्या. डावी नीट पेटत नाही.
मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा. मोहरीची वाटी गळते.
दुधाचं पातेलं. लक्ष ठेवणे.
फडताळाची किल्ली. एकच आहे, हरवू नये.
भाकरीचा तवा. साबण लावू नये.
सुरी, एक. त्याचीच.

दिलं नाही: विळी. माझ्याकडे.

किल्ली पुढे केली. त्याचा उजवा हात उठला, अर्ध्यात थांबला. मी किल्ली त्या हाताकडे नेली नाही, मध्येच धरून ठेवली. थोड्या वेळाने डावा आला. त्यात ठेवली.

"आता सही."
"आई, घरातल्या घरात सही?"
"सहीशिवाय चार्ज होत नाही."
पेन डाव्या हातात धरलं. मी खिडकीकडे तोंड केलं, युनूसभाईंनी ओढलेली रेघ पाहत राहिले. सहीला फार वेळ लागला. पहिलीतल्या मुलाची असते तशी आली आहे, 'मु'चा उकार ओळ सोडून खाली गेला, 'द' पुन्हा गिरवला. बँकेतल्या सहीशी जुळणार नाही.

फ्रीज अजून आलेला नाही. रोहिणीचा फोन आज नाही.

शेरा – सही ग्राह्य धरली. चार्जच्या मुदतीचा रकाना कोरा ठेवला आहे.